नव्वद मीटरवरचं सीमोल्लंघन

तुळजापूर
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

चि. मुकुल,

तुला आणि सूनबाईला आईचे भरभरून आशीर्वाद. दसरा कसा गेला? इथं काल पहाटे देवीचं सीमोल्लंघन झालं आणि आता ती पौर्णिमेपर्यंत पलंगावर निजलीय. गल्ली जरा शांत आहे. तामलवाडीच्या उमाबाई चार दिवस राहायला आल्यात. स्वयंपाक त्याच करतात. का, ते पुढं येईल.

अक्षर बघून हसू नकोस. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावरच्या अक्षराला इन्स्पेक्टरसुद्धा मान डोलवायचे, त्याच बाईचं हे अक्षर आहे. टेबल हलतंय असं समज.

हे फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देतोस कुठं? "आई, वय बघ" इथून तुझं सुरू होतं आणि "रविवारी गाडी घेऊन येतो, ते खेळणं माझ्या ताब्यात दे आणि कायमची पुण्याला चल" इथं संपतं. मधे माझं नुसतं हं, हं. म्हणून हे पत्र. शेजारचे शांतलिंग उद्या पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती देते. पत्र मधेच कट करता येत नाही, पूर्ण वाच.

ते ड्रोन, तुझ्या भाषेत खेळणं, तुझंच होतं बाबा. हौसेनं आणलंस, दोनदा उडवलंस आणि इथल्या कपाटात टाकून गेलास. तुझे बाबा गेल्यावर मला घर खायला उठायचं, तेव्हा मी ते बाहेर काढलं. पुस्तिका दहा वेळा वाचली. रोज सकाळी माळावर जाऊन उडवायला शिकले. पोरं म्हणायची, "बाई, आमचं शेत दाखवा की!" मी दाखवायची. एकदा गुंडाप्पाची हरवलेली म्हैससुद्धा ओढ्यात शोधून दिली. तेव्हा कुणी वय विचारलं नाही.

मग गेल्या महिन्यात उमाबाईंना घेऊन हिमाचलात स्पितीला गेले, ते तुला ठाऊक आहे. तुला फोटो पाठवले तेवढंच ठाऊक आहे.

चार हजार दोनशे मीटर, मुकुल! चार पावलं टाकली की धाप लागायची. हवा इतकी विरळ की ड्रोनचे पंखे नेहमीपेक्षा जोरात ओरडायचे. थंडीनं बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून मी बॅटऱ्या शालीत गुंडाळून पोटाशी धरून बसायची. उमाबाई म्हणाल्या, "लेकराला इतकं जपलं नसंल!" परवानगीचा कागद घेतला होता, ते आधीच सांगते, नाहीतर तू तिथून सुरू करशील.

आणि वरून काय दिसलं माहितीय? उतारावर जवाची शेतं, एकावर एक, प्रत्येक बांध वळत वळत डोंगराभोवती गेलेला. समोच्च रेषा! एकतीस वर्षं मी त्या खडूनं काढल्या. पोरं विचारायची, "बाई, खऱ्या डोंगरावर अशा रेषा असतात का?" मी म्हणायची, नसतात, त्या फक्त नकाशात. खोटं शिकवलं की रे मी! तिथं दगडावर बसून रडले. आनंदानं रडले, सांगायला लाज कसली.

आता ऐक. त्या शेतांच्या मागं लागून मी ड्रोन चढाकडं नेत राहिले. पडद्यावर उंची नव्वद मीटर. मी निर्धास्त. पण तो आकडा उडवलं त्या जागेपासूनचा असतो. आकडा तिथंच राहिला आणि डोंगर वर येत गेला. आपल्या माळावर हे कधी कळलंच नव्हतं. इतक्या वर्षांच्या भूगोलाच्या बाईनं डोंगराला चढ असतो हेच विसरावं! धडकलं ड्रोन.

ड्रायव्हर म्हणाला, सोडून द्या. मी सोडणार? खडी घसरत होती तरी चढले. ड्रोन मिळालं, एक हात मोडलेला. उतरताना पाय घसरला आणि माझाही एक हात मोडला. उजवा. मनगट. सहा आठवडे प्लास्टर आहे. हे पत्र डाव्या हातानं लिहितेय, सकाळपासून बसलेय. टेबल हलत नाही.

"सगळं ठीक आहे" असं मी तुला फोनवर सांगितलं, ते खोटं होतं. तुला कळलं असतं तर तू त्याच दिवशी येऊन मला उचलून नेलं असतंस. आता मीच सांगितलंय. चूक माझी होती, हात माझा होता आणि जायचं की नाही हेसुद्धा माझंच आहे. तू वरची खोली माझ्यासाठी रंगवलीस, मायेनं रंगवलीस, मला कळतं. पण मी येणार नाही. प्लास्टर निघालं की ड्रोनला नवा हात बसवणार आणि पुढच्या उन्हाळ्यात परत जाणार. देवी दमून निजते, पण पुढच्या वर्षी सीमा ओलांडू नको असं तिला कुणी म्हणत नाही.

परवा खंडेनवमीला बाबांच्या स्कूटरशेजारी ड्रोन ठेवून पूजा केली. बाबा दर दसऱ्याला गावाची शीव ओलांडून यायचे. चौतीस वर्षं मी दारात ताम्हण घेऊन उभी राहिले, त्यांना ओवाळलं. तुलाही ओवाळलं. यंदा खरी शीव मी ओलांडली आणि परत आले, तर दारात कुणी नव्हतं. फोनवर तुझं ओरडणं होतं.

रविवारी ये. जरूर ये. गाडीत माझ्यासाठी जागा ठेवू नकोस. ताम्हण देवघरात खालच्या फळीवर आहे, निरांजन उमाबाई लावून देतील. बाप्या माणसानं ओवाळायची रीत नाही, ते मला शिकवू नकोस. माझा उजवा हात गळ्यात बांधलाय, मला ताम्हण उचलवत नाही.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन. तू आतून ओवाळ, मग मी घरात येते.

शीव ओलांडून आलेली,
तुझी आई
वनमाला