शेटच्या बागेतली भाजावळ

परळ, चैत्र शुद्ध दशमी, सन १९६०

तीर्थस्वरूप भावोजींच्या चरणी परळहून दत्तारामचा दंडवत पोचावा. तुमची गुडघेदुखी आता कशी आहे? ताईचा खोकला बसला का? तांबडी गाय व्याली का? इकडे आम्ही सगळे उत्तम आहोत. तुमची कालिंदी तर इतकी उत्तम आहे की अख्ख्या परळात तिचं नाव झालंय (कसं झालं ते पुढे येतंच आहे, घाई करू नका). मागच्या पत्रात तुम्ही बजावलं होतंत, की एक मेपर्यंत पोर नोकरीत कायम झाली तर ठीक, नाही तर पेरणीच्या आत तिला गावी आणून सोडायचं. ते माझ्या पक्कं ध्यानात आहे. ती कायम होणार याविषयी मला तिळमात्र शंका नाही, तुम्हीही ठेवू नका.

आमची बाग तुम्ही पाहिलेली नाही म्हणून थोडं सांगतो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका शेटने हौसेने लावलेली. चार माणसांच्या कवेत न मावणारी गोरखचिंच, बकुळीची दुहेरी रांग, दगडी कारंजं (पाणी येत नाही, पण आता येईल असं सारखं वाटतं) आणि मधोमध मोठी हिरवळ. ट्रस्टच्या जयवंतरावांना चिंता लागली की जुने माळी संपत चालले, आता ही बाग सांभाळायची कुणी? म्हणून गेल्या दिवाळीपासून लालबाग-परळच्या चाळींतली आठ तरुण मुलंमुली (त्यांत आपली कालिंदीही) निवडून त्यांनी वर्ग काढला आणि शिकवायला हेड माळी म्हणून मला उभं केलं. सव्वीस वर्षं मी झाडांशी बोलत आलो. झाडं उलट प्रश्न विचारत नाहीत, ही मंडळी विचारतात. तरी मी कुठे अडलो नाही. जे येत होतं ते सांगितलं, येत नव्हतं ते जास्त जोरात सांगितलं.

पोरं गुणी आहेत, पण दिवस कसले आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. निम्मा वर्ग मोर्चाला, उरलेला मोर्चाहून आलेला. त्यांतल्या गुणाजीला मी मेंदीच्या कुंपणातला मोर छाटायला दिला. हा मोर शेटच्या काळापासून पिसारा फुलवून बसलेला. संध्याकाळी बघतो तर मोर गायब, आणि त्याच्या जागी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र! चोच होती तिथे मुंबई, अगदी ठसठशीत. बेळगावाशी मात्र कात्री निसटली आणि तेवढा भाग गळून पडला. गुणाजी दोन दिवस जेवला नाही. मी त्याला रागावणार होतो, पण त्याचं तोंड बघून मलाच गलबलून आलं. जयवंतरावांना मी सांगितलं की मोराची पिसं गळायचा हंगाम आहे.

आता मुख्य गोष्ट. फाल्गुनात हिरवळ विरळ पडली, मधे मधे टकलं दिसू लागली. राज्य एक मेला होणार, त्या दिवशी बागेत मोठा समारंभ व्हायचा, त्याच दिवशी पोरांना कायम केल्याची पत्रं वाटायची, आणि हिरवळीची ही दशा. मागल्या रविवारी मी फणसवाडीत मित्राकडे जेवायला गेलो होतो. पाठीमागे तुमच्या लेकीने वर्गातली सहा कोकणी पोरं हाताशी धरली, बकुळीचा पाला, वाळल्या काटक्या आणि कुठूनशा पैदा केलेल्या शेणी हिरवळीवर सारख्या पसरल्या, वर मातीचा हलका थर दिला, वाऱ्याची दिशा बघितली, आणि गावी आपण भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजतो तशी सव्वाशे वर्षांची हिरवळ भाजून काढली! ही कल्पना त्यांच्या डोक्यात कुठून आली हा चौकशीचा भाग आहे, त्यात आपण शिरू नये.

धूर थेट गिरणीच्या भोंग्यापर्यंत. पोलीस आले ते आंदोलनच समजून. त्यांनी झेंडा शोधला, घोषणेची वाट पाहिली, शेवटी झाडाखाली बसले. मग आगीचा बंब आला. त्यावरचा जवान निघाला संगमेश्वरचा. त्याने जमिनीकडे बघितलं, थर बघितला, आणि पाणी मारायचं सोडून कालिंदीला म्हणाला, की भाजणी फस्कलास झाली आहे, आता पुरी होऊ दे. दोघं शेजारी उभं राहून बोलत होती, आणि सगळं नीट जळल्यावरच त्याने पाणी सोडलं. मी पोचलो तेव्हा काळीभोर जमीन वाफा टाकत होती. माझ्या तोंडून काही भलतंसलतं निघणार, इतक्यात कालिंदी कानाशी येऊन म्हणाली, "मामानू, तुमी गप ऱ्हवा."

जयवंतराव आले. कुणी केलं म्हणून विचारलं. कालिंदी पुढे होऊन म्हणाली, मी. (मी त्या वेळी जवळच क्रोटनच्या पानांवरची कीड तपासत होतो. कीड वाढली की थांबून चालत नाही.) जयवंतरावांनी निकाल दिला, की एक मेला हिरवळ दिसली तर कालिंदी कायम, नाही तर तिला रजा, बाकी सातांना पत्रं मिळतील. तेव्हा काळजीचं काहीच कारण नाही. जमीन इतकी सुरेख भाजली आहे की काहीही लावा, धरेल. ताईला नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
दत्ताराम

ता. क. लावायला मात्र काही नाही. तुम्ही जिच्या नावाने जन्मभर बोटं मोडलीत, दर पावसाळ्यात बांधावरून उपटून फेकलीत, ती हरळी इथे साहेब लोक हिरवळ म्हणून पूजतात. सहा पोती, मुळांसकट, ओली करून, मिळेल त्या बोटीने भाऊच्या धक्क्यावर पाठवा. हसू नका. तुमची लेक त्यावर अवलंबून आहे.

ता. क. दुसरा. भावोजी, क्रोटनवर कीड नव्हती. शनिवारी वर्गात ऐटीत मीच सांगितलं होतं, की इंग्रजी पुस्तकं जाळा, आमचे भावोजी खंगलेली जमीन एका भाजावळीत ताजी करतात, उद्या करूनच टाका. काडेपेटीसुद्धा माझीच. माझ्या पेन्शनीला दोन वर्षं उरली आहेत हे पोरीला ठाऊक आहे, म्हणून ती पुढे झाली. आणि मी पानं बघत राहिलो. चार रात्री झोप नाही, मला माझीच लाज वाटते.

ता. क. शेवटचा. पत्र बंद करण्याआधी आत्ता जयवंतरावांना सगळं खरं सांगून आलो. त्यांनी भाजलेल्या जमिनीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, हिरवळ धरली तर दोघं राहाल, नाही तर दोघं जाल. तेव्हा पोती सहा नको, बारा पाठवा. आणि कालिंदीला यातलं काही कळवू नका. तिची समजूत आहे की मामा अजून क्रोटनवरची कीडच बघतो आहे.