सुपारीआधीचा कोर्स

२ जानेवारी
धाकटीची सुपारी फोडायची तारीख ठरली. २८ जानेवारी. मुलीचा बाप मी, आणि बैठकीत बोलणार कोण? काकासाहेब. माझा मेहुणा, पाचोडचा. ज्याचं स्वतःचं कुत्रं त्याचं ऐकत नाही. बायकोनं, वच्छलानं, परस्पर ठरवलं. म्हणाली, तुमाला रडू येतं. थोरलीच्या सुपारीला भर बैठकीत हुंदके दिले, पाव्हण्यांनी पाणी पाजलं. साफ खोटं. पाणी मी मागितलं होतं.

३ जानेवारी
यूट्यूबवर कारण सापडलं. माझ्यात इस्ट्रोजेन वाढलंय, वच्छलात टेस्टोस्टेरॉन. तीस वर्षं उगाच तिच्या स्वभावाला दोष दिला.

४ जानेवारी
औरंगपुऱ्यात जडीबुटीच्या दुकानात गेलो. मला अश्वगंधा, गोखरू, सफेद मुसळी. तिला शतावरी. दुकानदार म्हणाला, आधी डॉक्टरला दाखवा, ब्लड टेस्ट करा. मूर्ख माणूस. डबे कपाटात, फायलींच्या मागे.

५ जानेवारी, सकाळी ६
वच्छलाचा चहा मी केला. लग्नानंतर पहिल्यांदा. त्यात अर्धा चमचा शतावरी. तिनं कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. पहिल्याच डोसला!

११ जानेवारी
छातीत जळजळ. म्हणजे लागू पडतंय. आवाजही भारदस्त झालाय. ऑफिसात शिपाई रामकिसनवर ओरडलो. म्हणाला, साहेब, घसा बसलाय, मिठाच्या गुळण्या करा. याला कामावरून काढायला पाहिजे.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ देताना वच्छला आपणहून पाया पडली. डोळे ओले. इस्ट्रोजेन भरभरून तयार होतंय.

१९ जानेवारी
भाजीत मीठ जास्त आहे म्हणालो. मुद्दामच. भांडण नाही, काही नाही. दुसरी करून देते म्हणाली. जरा भीतीच वाटली. डोस कमी करावा का? नको. काकासाहेब अजून उरलाय.

२२ जानेवारी
जिंकलो! वच्छलानं भावाला फोन केला. म्हणाली, बैठकीत हेच बोलतील, त्यांच्या मनासारखं होऊ दे रे, काय नेम. 'काय नेम' कशाला म्हणाली, कळलं नाही. असो. उद्यापासून माझा डोस डबल.

२८ जानेवारी, दुपारी ४
मिशीला पीळ. तीन वाक्यं पाठ. पन्नास पाव्हणे. काकासाहेब कोपऱ्यात, तोंड पाडून. उठलो. 'आमची मुलगी' एवढं म्हणालो. समोर ती चहाचा ट्रे घेऊन उभी. बारकी होती तेव्हा माझ्या चपला घालून अंगणभर फिरायची.

सुपारी काकासाहेबानं फोडली. पाणीही त्यानंच पाजलं. या वेळी मी मागितलं नव्हतं.

२९ जानेवारी
दुकानदार चोर आहे. शतावरी मलाच दिली असणार. जाब विचारायला निघालो तर वच्छलानं दार अडवलं. हातात माझे डबे. रडत होती. म्हणाली, खरं सांगा, कोणता आजार हाय? कधीपासून लपवायलात? फायलींमागं औषधं, आवाज बसलेला, छातीला हात. त्यात सकाळी उठून मला चहा! मला वाटलं, माणूस निरवानिरव करायलाय. म्हणून तर बैठकीत बोलू दिलं तुमाला.

विचारलं, चहा प्यायचीस ना? म्हणाली, नाय. कढीपत्त्याच्या कुंडीत वतायची, लई घाण लागायचा. तुमचं मन मोडू नाय म्हणून बोलले नाय.

मलाही रडू आलं. सगळं खरं सांगून टाकलं, इस्ट्रोजेनसकट. ती रडायची थांबली.

३० जानेवारी
वच्छला बोलत नाही. चहा नाही. भाजीत मीठ खरोखरच जास्त होतं. खाल्ली.

दुपारी काकासाहेबाचा फोन. म्हणाला, दाजी, शतावरी उरली असंल तर द्या धाडून, म्हशीला लई चांगली असती. मागं कोणीतरी हसत होतं.

तीन आठवडे बायको गोड बोलली, ती मी मरणार म्हणून. जळजळ थांबली. घसा मोकळा झाला. तब्येत ठणठणीत आहे. आता हे सांगू कोणाला?