सातवं कलम

बाबा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायला आता डोळे मिटावे लागतात. चिचगडजवळच्या आपल्या गावात तू कोतवाल होतास. वाचता येत नव्हतं, म्हणून तलाठ्याकडून नोटीस दोनदा ऐकायचास आणि घरी चुलीपुढे बसून घोकायचास. आई भाजी ढवळताना तुझ्या चुका काढायची. एकदा तू तापाने पडलास आणि दवंडी द्यायला मी गेले. उन्हाने जीव कासावीस झालेला, शेवटची ओळ मी गाळली. आपल्या दारापुढे आले तेव्हा तू आतून ऐकलंस.

"काऊन अर्धीच सांगतली?"

"ते कोनाच्या कामाचं नाही, बाबा."

"कामाचं हाय का नाही, ते लोक पाहतीन. जा, पयल्या घरापासून सांग."

रडत गेले मी. फार राग आला होता तुझा.

आता निरोप मोबाइलवर येतात. पण मोठे कागद वाचायला अजून मलाच बोलावतात, कारण वनहक्क समितीची सचिव मी आहे. आपल्या डोंगरातला दगड कुठल्याशा धातूसाठी परदेशात हवा आहे. खाणीसाठी कंपनीला जंगलाची जमीन घ्यायची तर कायद्याने ग्रामसभेची संमती लागते, म्हणून मागच्या आठवड्यात शाळेच्या पटांगणात सभा भरली. मी ठराव वाचतेय, रस्ता होईल, दवाखाना होईल, आणि माणसं एकमेकांकडे बघून हसताहेत. सातव्या कलमात होतं, दगड इथून कच्चाच बाहेर जाईल, कारखाना कुठे काढायचा ते कंपनी ठरवेल, आणि गावाला पुढे त्यावर हरकत घेता येणार नाही. मी सहाव्यावरून थेट आठव्यावर गेले. सह्या झाल्या, अंगठे झाले.

सभा सुटल्यावर चार घरं पलीकडची म्हातारी जवळ आली. "तुया तोंडून आयकलं म्हनून अंगठा लावला, पोरी. नातवाले कारखान्यात काम लागन ना?"

मी मान हलवली. ठरावाची वही माझ्याच पेटीत आहे आणि परवा कंपनीचे साहेब ती न्यायला येणार आहेत. दारापुढे गाडी थांबली की मी आधी पेटीचं कुलूप बघते. वही एकदा गेली की आपल्याच सह्यांनी आपलं तोंड बंद, मग कुठलं कोर्ट ऐकणार? आणि सभा पुन्हा बोलवावी तर सगळं गाव माझ्या अंगावर येईल. मला फार भीती वाटते, बाबा.

नवऱ्याला सांगितलं, कलम राहिलं कारण पानं चिकटली होती. चिकटली नव्हती. मी कलम मनात पूर्ण वाचलं, मला ते समजलंही. पण सगळे इतके खूश होते की ते मोठ्याने वाचायला मी भ्याले.

हे तुला लिहिता आलं, कारण तू वाचणार नाहीस. सांगायला हवं त्या म्हातारीला. ती तिच्या अंगणात बसली आहे, आत्तापर्यंत मला इथून दिसत होती, आणि मी खिडकी लावून घेतली आहे.