बाकावर बसायची नोकरी

ती. सौ. ताईस,

साष्टांग नमस्कारातलं गुडघा हे अंग सध्या असहकार करतंय, तेव्हा उरलेल्या अंगांचा गोड मानून घे.

खोली उबदार आहे, जेवण वेळेवर मिळतं, वजन वाढलंय. एवढं आईला मोठ्याने वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक होऊन चार महिने झाले. शनिवारच्या सामन्यात आम्ही एका गुणाने पुढे होतो, अकरा सेकंद उरले होते. समोरच्यांचा पास चुकला आणि चेंडू आमच्या बाकाकडे आला. बाहेर गेला असता तर आमचाच होता. मी फक्त बसून राहायचं होतं. पण वीस वर्षं खेळलेले हात! रेषेच्या आतच झेलला मी. प्रशिक्षकाने चालू खेळात चेंडूला हात लावला म्हणून त्यांना फ्री थ्रो मिळाला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत आम्ही हरलो.

कप्तान म्हणाला, "सर, झेल मात्र सुरेख होता हं!" मॅनेजर हसले नाहीत. "पुन्हा असं झालं तर पुढच्या वर्षी दुसरा माणूस बघू," म्हणाले.

खेळाडूंना रोज ओरडून सांगतो, "धीर धरा!" आणि मला दोन सेकंद धरवला नाही, याचीच चीड येते. लहानपणी तू म्हणायचीस, याला खुर्चीला बांधून ठेवा. दृष्टी तुझी ऋषींचीच. दोरी तेवढी द्यायची राहिली.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं का? सामन्याचं ती विचारेलच. हरलो म्हणून सांग. कोणामुळे, ते सांगू नकोस.

लोभ आहे तेवढा तरी टिकव.

तुझा धाकटा