न लावलेला शेवटचा भाग

रविवार, दिवेलागण

आत्ताच फतेगंजहून, मोहितेकाकांकडून, घरी आले.

आमच्या रविवारच्या मंडळाचा नियम एकच. मोहितेकाकांच्या घरी ती जुनी अंतराळयानाची मालिका बघायची, पण शेवटचा भाग कधी लावायचा नाही. त्याच्या आधीच्या भागापर्यंत पोचलो की पुन्हा पहिल्यापासून. काका म्हणतात, यान घरी पोचलं तर आपण दर रविवारी कुठे जायचं?

आज चहा व्हायच्या आतच काका म्हणाले, "आज शेवटचा लाव." परवा त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. मंडळातले जिग्नेशभाई गुजरातीत पुटपुटले, "काका, रहेवा दो ने," म्हणजे राहू द्या ना. काका ऐकेनात. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण भाग आणायचं काम माझं.

पेनड्राइव्ह पर्समध्येच होता. मी म्हटलं, "काका, आज तो घरीच राहिला." इतक्या वर्षांत मी तो एकदाही विसरलेले नाही.

काका म्हणाले, "बरं. ऑपरेशन करून आलो की बघू."

मला तेवढंच ऐकायचं होतं. पण मला हक्क होता का? एखाद्याची शेवटची इच्छा... शेवटची का म्हणतेय मी? पेनड्राइव्ह इथे समोर टेबलावर पडलाय आणि माझ्याच्याने त्याच्याकडे बघवत नाहीये.

निघताना काका जिन्यापर्यंत सोडायला आले. मी चपला घालत होते. कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "पर्स जपून ने."