हलका माणूस लांब उडतो

१२ जानेवारी, कुल्म
स्की-उड्डाणाचा हंगाम सुरू. इथली टेकडी म्हणजे पोरखेळ नाही, दोनशे मीटर हवेत काढायचे असतात. मी १८९. वारा पाठीत होता, तो खाली दाबतो. रूममेट येर्नेय, वय एकोणीस, २१६. त्याला समोरून मिळाला असणार.
कोच द्रागो जेवताना म्हणाला, तुम्हा दोघांत एकालाच जागा आहे. मार्चमध्ये प्लानित्साला जो लांब जाईल तो टीममध्ये, दुसऱ्याने क्रान्यला जाऊन बाळगोपाळांना शिकवावं. बोलताना बघत माझ्याकडे होता, पण टोला येर्नेयला होता हे उघड आहे.

१३ जानेवारी
संकल्प. वजन उतरवायचं. हलका माणूस लांब उडतो, साधं गणित आहे. पाव बंद, गोड बंद. आईने निघताना बॅगेत कोंबलेली पोतित्सा, अक्रोडाचं सारण भरलेला गोड पाव, येर्नेयला दिली. खाऊ दे, जड होईल.

२ फेब्रुवारी, ओबरस्टडॉर्फ
वर उताराच्या तोंडाशी फळीवर बसलो, तर हात फळी सोडेनात. थंडी. येर्नेय म्हणाला, दादा, आज तर मस्त ऊन पडलंय. या वयात थंडी कळत नाही.
मी १९७, तो २२१. आईचं पार्सल पुन्हा आलं, पुन्हा त्यालाच दिलं. फोनवर आईने विचारलं, खाल्लीस का रे? म्हटलं, तोंडात विरघळली. कोणाच्या, ते तिने विचारलं नाही.

१ मार्च, विकरसुंड
२०९! उपाशी राहण्याचं फळ.
तरी द्रागोचं तोंड वाकडं. उंचीच्या मानाने वजन कमी भरलं तर स्की आखूड घ्यावी लागते. लांब स्कीवर उडून वजनात कमी पडलास तर उडी बाद, म्हणाला. पोटभर जेव, नाहीतर आखूड स्की घे, काहीतरी एक कर बाबा.
दोन्ही करणार नाही. आखूड स्की शाळेतल्या पोरांना. माझा बेत पक्का आहे. उडीआधी लिटरभर पाणी प्यायचं. वजन खाली उतरल्यावर करतात, तोवर पाणी पोटात. द्रागोला सांगितलं नाही. अनुभव अनुभव म्हणतात तो हाच.

२२ मार्च, प्लानित्सा, मनोऱ्यावरची खोली
पाणी प्यायलो. येर्नेय उडून गेला, २२८. एवढं मला जमेल. त्याच्या मागोमाग वारा उठला आणि स्पर्धा थांबवली.
अजून थांबलेलीच. खिडकीतून उतार दिसतो, म्हणून पाठ करून बसलोय. ऊन डोळ्यांवर येतं.
एकदा लघवीला जाऊन आलो.
खाली गर्दीत आई आहे, लाल टोपी घालून. आज हरलो तर उद्या काय करायचं, याचा विचार करत नाहीये. मुळीच नाही.
पुन्हा जाऊन आलो. थंडीच तशी आहे.
द्रागोचा वॉकीटॉकीवर निरोप, शांत राहा. मी शांतच आहे. अक्षर वाकडं येतंय ते हातमोज्यांमुळे.
तिसऱ्यांदा. आता बरं वाटतंय, अगदी हलकं. वारा पडला. माझा नंबर पुकारला.

२२ मार्च, संध्याकाळ, घरी
द्रागोने झेंडा खाली केला आणि मी फळी सोडली. भीती वाटत होती. कुल्मपासून वाटत होती. पण हवेत गेलो आणि ती मागेच राहिली. एवढा वेळ हवेत मी आयुष्यात कधी नव्हतो. २४१ मीटर. खाली उतरलो तर आई रडत होती.
मग वजन. तीनशे ग्रॅम कमी. उडी बाद. द्रागो पाठीवर हात ठेवून म्हणाला, सोमवारी क्रान्यला पोरं चारला येतात, वेळेवर ये.
आत्ता स्वयंपाकघरात आईबरोबर टीव्ही बघितला. येर्नेयला कोणीतरी विचारलं, एवढी ताकद आणतोस कुठून? तो म्हणाला, लेनार्तदादांच्या आईच्या पोतित्सातून. हंगामभर दादांनी एकही तुकडा स्वतः खाल्ला नाही, सगळी मला दिली, फार मोठ्या मनाचा माणूस.
आईने टीव्ही बंद केला. मग विचारलं, किती कमी पडलं म्हणालास? मी सांगितलं.
तिने आजची पोतित्सा आणली, जाडसर तुकडा कापून पीठ मोजायच्या काट्यावर ठेवला आणि काटा माझ्याकडे फिरवला. तीनशे वीस.
तुकडा खाल्ला. छान झाली होती.