बादलीतून आणलेला मासा

विद्यानगर, हुबळी
१९ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णास, रोहिणीचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडे थंडी पडू लागलीय. फोन केला की तू लगेच समजूत घालायला लागतोस, म्हणून लिहायला बसले.

वेदश्री गेल्या आठवड्यात धारवाडहून आली, न कळवता. रिक्षातून उतरली तेव्हा हातात कपड्यांची बॅग नव्हती, झाकण लावलेली बादली होती. आत तिचा गोल्डफिश. लग्नानंतर इथूनच काचेच्या टाकीसकट नेलेला. शेपटीच्या चिंध्या झालेल्या, एका अंगाचे खवले निघालेले.

त्या दिवशी ती माशाशिवाय काही बोललीच नाही. "आई, टब दे, साबण लागलेला नको. पाणी कालचं भरून ठेवलेलं हवं, नळाचं ताजं नको." थोडं खडेमीठ विरघळवलं, हवेचा पंप लावला. रोज थोडं पाणी बदलायचं, उरलेलं खाणं काढून टाकायचं, जखमेवर कापसासारखी बुरशी धरते का बघत राहायचं. मी विचारलं, असं झालं कशानं गं? म्हणाली, "टाकीत दुसरा मासा आला."

आला नव्हता, अण्णा. आपल्या जावयानं, विनायकनं आणून सोडला. फ्लॉवरहॉर्न. तो टाकीत दुसऱ्या कुणाला खपवून घेत नाही, एकटाच ठेवावा लागतो. हे वेदश्रीनं आधीच सांगितलं होतं, म्हणून तर मित्रांना बोलावून मुद्दाम सोडला. तिचे बाकीचे मासे डोळ्यांदेखत मेले. ती जाळी घेऊन धावली तर त्यानं मनगट धरलं. "नोडु, मजा नोडु," म्हणाला, बघ म्हणे मजा.

मनगट धरलं, एवढंच तिनं सांगितलं. पण टबात हात घालायला बाही वर सारली तेव्हा मी दंड पाहिला. काळेनिळे डाग. काही ताजे, काही पिवळे पडलेले.

परवा तुझ्या घरून अनुसयावहिनी आल्या. तो दंड बघून तोंडाला पदर लावून रडल्या. "मी ह्यांना म्हटलं होतं, अळणावरच्या मुलीनं विनायकशी झालेला साखरपुडा का मोडला ते रोहिणीला सांगा." त्या मुलीवरही त्यानं हात उचलला होता. तुला ठाऊक होतं. "लग्न झालं की निवळेल," म्हणालास म्हणे.

मी तुला विचारलं होतं रे. दाजीबानपेठेत शालू घेताना, सगळ्यांना बाजूला सारून विचारलं होतं, मुलगा स्वभावानं कसा आहे? "अगदी गरीब गाय," म्हणालास. ह्यांच्या माघारी मी आणखी कुणाला विचारणार होते? दुसऱ्या कुणी लपवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तू तर तिचा मामा. बोहल्यावर तिला हात धरून तूच घेऊन गेलास.

काल मासा पहिल्यांदाच दाणा खायला वर आला. शेपूट पुरी भरेल की नाही, सांगता येत नाही म्हणते वेदश्री. ती परत जाणार नाही. आम्ही दोघी वकिलांना भेटून आलो.

रविवारी तू त्या लोकांना घेऊन समेटाला येणार, असं वहिनींकडून कळलं. येऊ नकोस. दार उघडणार नाही. वेदश्री म्हणाली, "मामाला एवढंच विचार, मी त्याची मुलगी असते तर?" मी विचारलं. उत्तर मला नको, तिला लिही.

'तुझीच' असं लिहायला हात धजत नाही.

वेदश्रीची आई,
रोहिणी